क्लासिक स्पोर्ट्स कार : नंबर प्लेट पक्की, बॉडी शाबूत

तुमच्या घरात आजोबांनी हौसेने घेतलेली एमजी असेल, किंवा तुम्ही स्वतः कुठल्याशा गोदामातून शोधून काढून दोन-तीन वर्षे खपून उभी केलेली एखादी ट्रायम्फ असेल. इंजिन झाले, रंग झाला, बंपरवर नव्याने क्रोम चढले. मग हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायचा दिवस येतो. फिटर पिशवीतून ड्रिल मशीन काढतो, उकिडवा बसतो आणि विचारतो, ‘‘साहब, कहां लगाऊं?’’

त्याचे काही चुकत नाही. त्याला दिवसभरात पंधरा-वीस गाड्या करायच्या असतात आणि आजच्या गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे असतात, त्यात दोन छिद्रे पाडली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या गाडीचा बंपर मात्र बाजारात मिळत नाही, आणि मिळाला तर विलायतेहून मागवावा लागतो. म्हणून त्याला उत्तर काय द्यायचे, हे त्या दिवसाच्या आधीच ठरलेले असायला हवे.

आजच्या स्तंभात तेच पाहू. छिद्र न पाडता प्लेट बसवता येते आणि तीही कायद्यात बसेल अशी. फक्त त्यासाठी दोन-तीन दिवसांची तयारी आणि एक चांगला फॅब्रिकेटर लागतो.

एवढ्याशा छिद्राचे एवढे काय?

घरातल्या इतर मंडळींना हा प्रश्न पडणारच. तेव्हा आधी त्याचे उत्तर.

जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो हे खरे, पण आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर गंज रोखण्यासाठी जस्ताचा जो थर असतो, तो बहुतेक जुन्या गाड्यांच्या पत्र्यावर नसतो. रंग हेच त्याचे कवच. ड्रिलचे पाते फिरले की छिद्राच्या कडेला उघडे लोखंड राहते. तिथे स्क्रू बसतो, स्क्रूच्या भोवती पावसाचे पाणी अडते, दिल्लीची धूळ त्यात मिसळून चिखल होतो आणि तो ओलावा धरून ठेवतो. दोन पावसाळ्यांत रंगाखाली फुगा दिसू लागतो.

क्रोमच्या बंपरचे दुखणे वेगळे. क्रोमचा थर अगदी पातळ असतो, त्याच्याखाली निकेल असते आणि त्याखाली लोखंड. ड्रिलने कड तुटली की ओलावा निकेलच्या खाली शिरतो आणि गंज आतल्या आत पसरतो. वरून चकचकीत दिसणारा बंपर मग पापुद्र्यासारखा सुटू लागतो.

काही स्पोर्ट्स कारच्या बॉडीत ॲल्युमिनियमचे भाग असतात. त्यात लोखंडी स्क्रू घातला आणि ओलावा मिळाला की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झिजते. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होते, दिल्लीत थोडे उशिरा. फायबरग्लासला गंज लागत नाही, पण घाईने ड्रिल मारले की वरच्या थराला चांदणीसारखे तडे जातात आणि ते पुढे सरकत राहतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या गोव्यात तयार होऊ लागलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी अशीच फायबरग्लास बॉडीची. ती कुणाकडे असेल तर त्यांनी विशेष सांभाळावे.

तुमच्या गाडीचा कोणता भाग कशाचा आहे हे कळायला सोपी युक्ती म्हणजे फ्रिजवरचे चुंबक. मऊ फडक्यात गुंडाळून बॉडीवर ठिकठिकाणी टेकवा. जिथे चिकटेल तिथे लोखंड, नाही तिथे ॲल्युमिनियम, फायबर किंवा भरपूर पुट्टी. हे काम मुलांना द्या. गाडीच्या आधीच्या अपघातांचा इतिहासही ती शोधून काढतील!

याशिवाय मोलाचा प्रश्न आहेच. जुन्या वाहनांच्या संघटनांची जागतिक संस्था ‘फिवा’ १९६६ पासून काम करते. तिच्या ट्यूरिन सनदेत एक साधे तत्त्व आहे. रस्त्यावर चालवण्यासाठी काही बदल करावे लागलेच तर ते नजरेत न भरणारे असावेत आणि नंतर काढून टाकता यावेत, मूळ गाडीला धक्का लागू नये. प्रदर्शनात परीक्षक बंपरखाली वाकून पाहतात ते यासाठीच.

कायदा नेमके काय मागतो?

इथे आपल्याकडे गैरसमज फार. परदेशातल्या व्हिडिओंत चुंबकाच्या, वेल्क्रोच्या, सक्शन कपच्या प्लेट दिसतात आणि वाटते, आपणही तसेच करू. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर पुढे प्लेट लावावीच लागत नाही. आपले नियम वेगळे आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५० प्रमाणे नोंदणी क्रमांक पुढे आणि मागे, दोन्हीकडे, स्पष्ट वाचता येईल असा हवा. प्लेट १ मिलीमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर डावीकडे अशोकचक्राचा २० बाय २० मिलीमीटरचा होलोग्राम, त्याखाली निळी ‘आयएनडी’ ही अक्षरे आणि लेसरने कोरलेला कायमचा ओळख क्रमांक असतो. ती बसवायची असते स्नॅप लॉकने. म्हणजे एकदा दाबून बसवले की परत उघडता येत नाही, उघडायचे तर तोडावेच लागते. चोराने एका गाडीची प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावू नये, हा त्यामागचा हेतू. कारसाठी दोन आकार आहेत, ५०० बाय १२० मिलीमीटरची लांब पट्टी आणि ३४० बाय २०० मिलीमीटरची चौकोनी. हा दुसरा आकार जुन्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडणार आहे.

१ एप्रिल २०१९ पासून विकलेल्या गाड्यांना ही प्लेट कारखान्याकडूनच मिळते. त्याआधीच्या गाड्यांनी ती नंतर बसवून घ्यायची. दिल्लीत २०२० च्या अखेरीपासून त्यासाठी दंडाच्या पावत्या फाडल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात जुन्या कारसाठी जीएसटी सोडून ७४५ रुपये दर ठरला आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडून ती कहाणी तुम्ही ऐकली असेलच.

अक्षरे इंग्रजी आणि आकडे अरबी पद्धतीचेच हवेत. ४१४१ हा क्रमांक वळणदार लिहून त्यातून ‘दादा’ काढण्याची आपल्याकडची जुनी हौस या प्लेटवर भागत नाही. काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांची जुनी प्लेट क्लासिक गाडीला शोभते, यात वाद नाही. ब्रिटनमध्ये ठरावीक वयाच्या गाड्यांना तशी प्लेट लावायची मुभाही आहे. आपल्याकडे ती घराच्या भिंतीवर टांगावी. तिथेही छान दिसते.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक दार उघडते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीसाठी ५,००० रुपये, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, रोज ऑफिसला न्यायची नाही. या नियमांतली व्याख्या वाचा. गाडी मूळ रूपात राखलेली हवी आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी, असे त्यात आहे. प्लेटच्या दोन छिद्रांनी कुणी तुमचा अर्ज फेटाळणार नाही. पण बॉडी मूळ रूपात ठेवा, असे सरकारच सांगत असताना आपण ड्रिल कशाला हातात घ्यावे?

वय ५० च्या आत आणि पेट्रोल गाडी १५ वर्षांहून जुनी असेल तर दिल्ली एनसीआरमध्ये प्रश्न प्लेटचा नाही, गाडी रस्त्यावर आणण्याचाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ च्या आदेशापासून तो सुरू आहे आणि २०२५ मध्ये त्यात बदल होत आले. प्लेटवर खर्च करण्याआधी तुमच्या गाडीला आज कोणता आदेश लागू आहे, ते परिवहन कार्यालयात विचारून घ्या.

छिद्र हवेच, पण ते गाडीला कशाला?

आता मुख्य मुद्दा. स्नॅप लॉकला छिद्र लागते, यातून सुटका नाही. पण ते छिद्र गाडीच्या बॉडीलाच असावे, असे काही नाही. प्लेट आणि गाडी यांच्यामध्ये आपण एक तिसरी वस्तू आणायची, ब्रॅकेट. स्नॅप लॉक प्लेटमधून ब्रॅकेटमध्ये जाईल. ब्रॅकेट गाडीला धरले जाईल ते गाडीच्या मूळच्या नट-बोल्टांवर. उद्या गाडी प्रदर्शनात ठेवायची असेल किंवा बंपर पुन्हा क्रोमला द्यायचा असेल, तर ब्रॅकेट प्लेटसकट उतरवा. गाडी जशी कारखान्यातून आली तशीच.

मूळचे नट-बोल्ट शोधण्यासाठी जमिनीवर आडवे पडून खालून पाहावे लागते. एमजीबीसारख्या गाड्यांत, म्हणजे १९६२ पासून आलेल्या आणि १९७४ पर्यंत क्रोमचे बंपर असलेल्या, बंपरच्या मागे तो चेसिसला धरणारे मोठे बोल्ट असतात. बंपरवर जे दोन उभे दात असतात, ज्यांना ओव्हररायडर म्हणतात, त्यांच्याही मागे बोल्ट असतो. यातले कुठलेही दोन निवडा. एमजीच्या टी मालिकेतल्या त्याआधीच्या गाड्यांत चेसिसची दोन टोके पुढे आलेली दिसतात. त्या दोन टोकांच्या मध्ये एक आडवी दांडी बसवायची आणि तिच्यावर प्लेट. जुने हौशी लोक अशाच दांडीवर क्लबांचे बिल्ले मिरवत, म्हणून तिला बॅज बार म्हणतात. बारीक दांडीच घ्या. समोर जाडजूड लोखंडी गार्ड बसवायला डिसेंबर २०१७ पासून केंद्राने मनाई केली आहे, कारण धडक झाली तर पायी चालणाऱ्याला त्याची इजा जास्त होते.

जागा ठरली की धातूला हात लावण्याआधी पुठ्ठ्याची प्लेट कापा. घरात आलेल्या कुठल्याही ऑनलाइन खोक्याचा पुठ्ठा चालेल. एक ५०० बाय १२०, दुसरी ३४० बाय २००. दोन्ही गाडीवर मास्किंग टेपने तात्पुरत्या धरून दहा पावले मागे जा आणि पाहा. अरुंद नाकाच्या जुन्या स्पोर्ट्स कारवर लांब पट्टी दोन्ही बाजूंनी मिशीसारखी बाहेर येते. चौकोनी प्लेट अनेकदा जास्त शोभते. कुठल्या गाडीला कुठला आकार मिळेल ते ऑर्डर देतानाच स्पष्ट करून घ्या. पोर्टलच्या यादीत तुमच्या गाडीच्या कंपनीचे नावच नसेल तर परिवहन कार्यालयात विचारा, भलतीच कंपनी निवडून पुढे जाऊ नका.

पुठ्ठ्याचा नमुना घेऊन फॅब्रिकेटरकडे जा. दिल्लीत काश्मिरी गेटच्या मोटर पार्ट्सच्या बाजारात किंवा मायापुरीत असे कारागीर आहेत. त्यांना तयार नमुना दिला की ते हुशारीने काम करतात. नुसते तोंडी सांगितले तर स्वतःच्या डोक्याने करतात. मागचा पत्रा ३ मिलीमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचा घ्या आणि प्लेटपेक्षा किंचित लहान ठेवा, म्हणजे समोरून तो दिसत नाही. पत्र्याला मागे दोन पट्ट्या, स्टेनलेस स्टीलच्या, २५ मिलीमीटर रुंद, इंग्रजी ‘एल’सारख्या वाकवलेल्या. पट्टीच्या टोकाचे छिद्र गोल नको, लांबट हवे, म्हणजे बसवताना पाच-दहा मिलीमीटर इकडेतिकडे सरकवता येते. सगळ्या कडा कानशीने गोल करून घ्या. पोरेटोरे गाडीभोवती खेळतात आणि धुताना आपलाही हात फिरतो.

स्टील आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे मध्ये रबर घाला. ब्रॅकेट क्रोमला किंवा रंगाला टेकेल तिथेही घाला. त्यासाठी सायकलची जुनी ट्यूब सर्वांत उत्तम आणि फुकट. नट नायलॉक घ्या, आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे ते हादऱ्यांनी सैल होत नाहीत.

इथे एक शंका रास्त आहे. ब्रॅकेटच काढता येत असेल तर स्नॅप लॉकचा उपयोग काय? चोर ब्रॅकेटसकट प्लेट नेईल. म्हणून ब्रॅकेटचे नट मागच्या बाजूला, बॉनेट उघडल्याशिवाय किंवा गाडीखाली शिरल्याशिवाय हात पोहोचणार नाही असे ठेवा. ते जमत नसेल तर शिअर नट वापरा. त्याचे डोके ठरावीक जोर पडल्यावर तुटून गळते आणि मग तो साध्या पान्याने उघडत नाही. माझ्या मते, पुढून सहज पाना लागेल असे ब्रॅकेट करूच नये. प्लेट चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार, नवी प्लेट, शिवाय आपल्या क्रमांकाची प्लेट कुणाच्या गाडीवर फिरते आहे ही धाकधूक.

जाळीसमोर नको

जागा निवडताना बहुतेकांचा डोळा पुढच्या जाळीवर जातो. जाळीच्या पट्ट्यांना मागून क्लॅम्प लावला की झाले, छिद्र नाही, कटकट नाही. दिसतेही बरे. तरी दिल्लीत हे टाळावे.

हिशेब करा. लांब प्लेट ६०० चौरस सेंटिमीटर जागा अडवते, चौकोनी ६८०. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या जाळीचे तोंड मुळातच लहान. तिचा रेडिएटर इंग्लंडच्या उन्हाळ्यासाठी बनलेला, आपल्या मे-जूनसाठी नाही. दिल्लीत पारा ४५ अंशांजवळ असताना धौला कुआँच्या सिग्नलवर पाच मिनिटे उभे राहा, तापमानाचा काटा कुठे जातो ते पाहा. त्यात हवेच्या वाटेत पाटी उभी केली की काटा लालमध्ये गेलाच समजा. प्लेट बंपरच्या उंचीवर किंवा त्याच्या थोडी खाली ठेवा. बंपरच्या मागे तसाही पत्रा असतो, तिथे हवा अडत नाही. फार खाली मात्र नको. आपल्याकडचे गतिरोधक काही इंजिनिअरने मोजून केलेले नसतात!

दुसरा मार्ग टो हुकचा. अनेक गाड्यांच्या बंपरवर एका बाजूला लहान झाकण असते. त्यामागे गाडी ओढण्याचा हुक फिरवून बसवायची आट्यांची जागा असते. तिथे बसणारे तयार ब्रॅकेट मिळते. प्लेट मधोमध न येता एका बाजूला येते. इटलीच्या अल्फा रोमिओच्या अनेक गाड्यांवर कारखान्यातूनच प्लेट अशी एका बाजूला असायची, तेव्हा दिसायला वावगे नाही. अडचण एवढीच की ही सोय बहुधा नव्वदच्या दशकातल्या आणि नंतरच्या गाड्यांत सापडते. साठीच्या दशकातल्या गाडीत शोधत बसू नका. आणि घेतलेच तर आट्यांचा व्यास आणि फेर मोजून घ्या. चुकीच्या आट्या जोराने फिरवल्या तर वाचवलेल्या छिद्रापेक्षा मोठे नुकसान होते.

जग्वार ई-टाइपसारख्या गाडीचे काय, जिला समोर धड बंपरच नाही आणि नाकाचा अख्खा भाग पुढे उघडतो? ब्रिटनमध्ये तिच्या नाकावर स्टिकरचे आकडे चिकटवायची पद्धत होती. तो चेहरा फार देखणा, पण आपल्या नियमात स्टिकर म्हणजे प्लेट नव्हे. अशा गाडीला नाकाखालून, चेसिसच्या चौकटीच्या बोल्टांवरून पुढे येणारे ब्रॅकेट करावे लागते. बॉनेट पूर्ण उघडून ते कुठे अडते का, हे पुठ्ठ्यावरच पाहून घ्या.

चिकटपट्टीवर किती भरवसा ठेवावा?

३एमच्या व्हीएचबीसारख्या दुहेरी फोम टेप खरोखर ताकदीच्या असतात. पण त्या अटी घालतात. पृष्ठभाग सपाट हवा, मेणाचा किंवा सिलिकॉन पॉलिशचा अंश नको, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन पुसलेला हवा. हवामान साधारण २१ ते ३८ अंशांचे हवे, १० अंशांच्या खाली तर लावूच नये. जानेवारीतल्या दिल्लीच्या धुक्यात अंगणात बसून लावलेली टेप आठवड्यात सुटते आणि मग टेपला दोष दिला जातो. लावल्यावर पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुवू नका, बाहेर काढू नका.

एवढे सगळे करूनही मी टेपला फक्त मदतनीस मानते. ब्रॅकेट बोल्टवर धरलेले आहे आणि प्लेट खडखडू नये म्हणून मागे दोन तुकडे टेप, एवढे ठीक. सगळा भार टेपवर टाकून हायवेवर जाणे ठीक नाही. जुन्या रंगावर तर आणखी एक धोका. टेप निघत नाही, रंगच निघतो. काढायची वेळ आलीच तर हेअर ड्रायरने मंद तापवा, मासे धरायची तंगूस किंवा दात साफ करायचा फ्लॉस करवतीसारखा मागून फिरवा. ओढू नका.

चुंबकाची प्लेट मात्र नकोच. चुंबकाखाली धुळीचे कण अडकतात आणि गाडी हलली की ते काचकागदासारखे रंगावर घासतात. शिवाय येणारा-जाणारा कुणीही ती उचलून नेऊ शकतो, म्हणजे स्नॅप लॉकचा हेतूच संपला.

मागच्या प्लेटचे काम तुलनेने सोपे. बहुतेक गाड्यांना मागे कारखान्याचीच जागा असते, वर छोटा दिवा असतो. तिथली मूळ पाटी काढू नका, तिच्यावरच ब्रॅकेटचा पत्रा मूळच्या छिद्रांतून बसवा. दिव्याचे तेवढे पाहा. रात्री मागचा क्रमांक १५ मीटरवरून वाचता यावा असा पांढरा प्रकाश त्यावर पडायला हवा, असा नियम आहे. जुनी पाटी चौकोनी आणि नवी प्लेट लांब असली की दिव्याचा उजेड टोकांपर्यंत जात नाही. इथेही ३४० बाय २०० उपयोगी पडते.

बसवायच्या दिवशी

शक्य असेल तर घरी येऊन बसवण्याची सोय निवडा, गर्दीच्या केंद्रावर जुनी गाडी नेऊ नका. फिटर येण्याआधी ब्रॅकेट गाडीवर चढवून ठेवा. तो आला की आधी चहा द्या, मग गाडीपासून दूर, टेबलावर, प्लेट ब्रॅकेटवर ठेवून छिद्रे कुठे येणार ते दोघांनी मिळून पाहा. ब्रॅकेट उतरवता येत असेल तर ड्रिल टेबलावरच मारू द्या, गाडीवर नाही. लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा कीस ताज्या रंगावर पडला की ओरखडे उठतात. गाडीवरच मारावे लागले तर खाली जुनी चादर आणि बॉनेटवर जाड टॉवेल अंथरा.

प्लेट स्वतः कापायची, वाकवायची किंवा तिच्यावर रंगीत काच लावायची नाही. नाकाच्या गोलाईला बसावी म्हणून तिला वाकवणारे हौशी लोक आहेत. वाकल्यावर अक्षरे तिरपी दिसतात, कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत, वर दंड. गोलाई ब्रॅकेटच्या पट्ट्यांनी सांभाळायची, प्लेट सरळच राहू द्यायची.

आणि जुनी प्लेट काढताना तिच्यामागे पाहायला विसरू नका. अनेकदा आधीच्या कुणीतरी पाडलेली छिद्रे तिथे असतातच, बंपरवर, कधी खालच्या पत्र्यावर. मग नवे कशाला? तीच साफ करा, गंज खरवडा, कडेला झिंक प्रायमर लावा, रबरी ग्रोमेट बसवा आणि ब्रॅकेट त्यातूनच धरा. ज्या छिद्रांची गरज नाही ती रबरी बुचाने बंद करा. लगेच वेल्डिंग करून बुजवायचा हट्ट धरू नका, वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा पत्रा वाकतो आणि रंग जळतो. ते काम पुढच्या पूर्ण रंगकामाच्या वेळी.

पहिले १०० किलोमीटर झाले की सगळे नट एकदा तपासा. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारा आणि कान द्या. खडखड आवाज आला तर बहुधा एका बाजूचे रबर सरकलेले असते. त्यानंतर वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यातल्या आंधीनंतर आणि एकदा पावसाळा संपल्यावर, ब्रॅकेट उतरवून रबराखालची धूळ पुसा, ट्यूबचे तुकडे कडक झाले असतील तर बदला.

जुन्या गाड्यांवर इतरांनी हे कसे जमवले आहे ते पाहायचे असेल तर १९६४ पासून दिल्लीत होणारी स्टेट्समनची व्हिंटेज आणि क्लासिक कार रॅली आहे, आणि गुरुग्रामच्या पुढे तावडूला २०१३ मध्ये सुरू झालेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम. रॅलीला गेलात तर नुसते बॉनेटचे फोटो काढून येऊ नका. मालकाची परवानगी घेऊन खाली वाका आणि बंपरच्या मागची बाजू पाहा. अशा लोकांना कुणी तिथले काही विचारले की फार आनंद होतो. पाना काढून दाखवतीलसुद्धा.